उनकेश्वरला वीज प्रकल्प येणार म्हणे, मग आधी हे विचारा

गेल्या काही दिवसांपासून आमच्या दोन-तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरायलंय, की किनवटजवळ उनकेश्वरला जमिनीतल्या गरम पाण्यावर वीज तयार होणार, मराठवाड्याचं भारनियमन कायमचं जाणार, हजारो पोरांना नोकऱ्या, वगैरे वगैरे. मी बोअर, पंप आणि पाइपच्या धंद्यात असल्याने सगळ्यांनी मलाच टॅग करून विचारलं की भाऊ हे खरं हाय का. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी फॉरवर्डचा निकाल लावू. उनकेश्वरचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय, पैनगंगेच्या काठाला महादेवाचं देऊळ, कुंड, गंधकाचा वास, आणि लांबलांबून त्वचेचे आजार घेऊन आलेली माणसं. शरभंग ऋषींना कुष्ठ झालं होतं म्हणून रामाने बाण मारून गरम पाणी काढलं अशी तिथली कथा. ते पाणी अंघोळ करता येईल इतपत गरम आहे, आणि ज्या पाण्यात माणूस निवांत बसू शकतो त्या पाण्यावर टर्बाइन फिरत नाही, एवढं साधं आहे. अमेरिकेतल्या अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी ७४ अंशाच्या पाण्यावर २००६ पासून वीज काढतात हे खरंय, पण तिथं ते जमतं कारण थंड करायला बर्फासारखं पाणी फुकट मिळतं. वीज ही गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर निघते. नांदेडला मे महिन्यात सावलीतच ४३-४४ अंश असतं, तिथं तुम्ही कशाने काय थंड करणार सांगा.

मग विषय संपला का? नाही. कारण दुसरी बाजू खरी आहे. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेचं, इंग्रजीत जिओथर्मल म्हणतात त्याचं राष्ट्रीय धोरण काढलंय, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत देशभरातले ३८१ गरम पाण्याचे झरे आहेत, आणि संभाव्य क्षमता सांगतात ती दहा हजार मेगावॉटच्या वर. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात ओएनजीसीने २०२१ मध्ये करार करून खोदाई सुरू केली. आणि आमच्यापासून लांब नाही अशी गोष्ट म्हणजे तेलंगणात मणुगुरूला सिंगरेणी कोळसा कंपनीने कोळशासाठी मारलेल्या जुन्या बोअरमधून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्यावर २० किलोवॉटचा छोटा प्लांट लावला. २० किलोवॉट म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या पाच मोटारी, जास्त काही नाही, पण नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरी पुढं त्याच मुलखातून वाहते, म्हणजे हे काही आइसलंडचं प्रकरण राहिलेलं नाही. उद्या कुणी सर्वेची गाडी घेऊन किनवटच्या जंगलात उभं राहिलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि मला खरी काळजी तिथंच सुरू होते, प्रकल्प होईल का नाही याची नाही, तर तो आमच्याकडे *कसा* येईल याची.

कारण आमच्याकडे प्रकल्प कसे येतात ते आपण बघितलंय. परळीचं थर्मल घ्या. १९७१ पासून वीज तयार होतीय, आणि त्या परळीच्या आजूबाजूच्या माणसाला त्यातून काय मिळालं विचारलं तर राख. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून सगळे संच बंद पडले. पण गंमत बघा, जो स्थानिक धंदा त्या प्लांटभोवती खरोखर उभा राहिला तो राखेवरचाच, वीटभट्ट्या, राखेच्या गाड्या, त्यावरून होणारी भांडणं. म्हणजे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी प्लॅन केला नव्हता, जे उरलं त्यावर लोकांनी धंदा केला, आणि ठरवलेलं नसल्यामुळे ज्याच्या हातात काठी त्याच्या हातात राख असं झालं. नंतर आल्या पवनचक्क्या, बीडला, धाराशिवला. त्याच्यात एका बाजूला शेतकरी, ज्याला कळतच नाही की पोलची जागा दिली पण रस्ता, वायर आणि ब्लेड आणताना तुडवलेलं पीक याचे पैसे कोण देणार, आणि दुसऱ्या बाजूला 'स्थानिक भागीदारी'च्या नावाखाली कंपनीकडून हप्ता मागणारे. २०२४ च्या शेवटी बीड जिल्ह्यात पवनचक्कीच्या खंडणीवरून प्रकरण कुठपर्यंत गेलं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही, कोर्टात आहे. पण एक म्हणतो, जिथं गावाचा हिस्सा कागदावर नसतो तिथं तो कुणीतरी दमदाटीने वसूल करतो आणि तो गावाला कधीच पोचत नाही.

त्या मानाने सोलरचं जरा बरं चाललंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी थोडी वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. रक्कम थोडी का जास्त हा वाद वेगळा, पण आकडा आधी माहिती आहे, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही माहिती आहे, हे मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटतं.

आता जिओथर्मल या सगळ्यापेक्षा वेगळं कसं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपली बोअरची गाडी साडेसहा इंचाचं भोक मारते, हॅमर आणि कॉम्प्रेसरवर, लातूर भागात आता हजार फुटाला पण पाणी लागत नाही तरी लोक मारतातच. जिओथर्मलची विहीर म्हणजे दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर, चिखलाचं सर्क्युलेशन, स्टीलचं केसिंग एकात एक असं तीन-चार थर आणि प्रत्येकाला सिमेंट, वरती वाफ उसळली तर दाबून धरणारे व्हॉल्व्ह. एकेका विहिरीला कोट्यवधी रुपये. आणि इतकं करून पहिल्या काही विहिरींतल्या बऱ्याच फेल जातात, आपल्या पाणाड्याने नारळ उभा राहिला म्हणून सांगितलेला पॉइंट जातो तशा. आमच्या दख्खनच्या दगडात किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, म्हणजे वीज काढण्याजोगं तापमान गाठायला जिथं फॉल्ट म्हणजे दगडातली खोल भेग नाही, गरम पाणी वर येण्याची वाट नाही तिथं चार-पाच किलोमीटर जावं लागेल. म्हणून कंपन्या झऱ्याच्या आसपासच घुटमळणार, आणि झरा जिथं आहे तिथं देऊळ आहे, जत्रा आहे, दुकानं आहेत, लोकांची श्रद्धा आहे.

म्हणजे या धंद्यात गाव बाजूला ठेवून काही होऊच शकत नाही. कोळसा तुम्ही चंद्रपूरहून आणून परळीत जाळू शकता, वाफ तशी ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. जिथं आहे तिथंच प्लांट. हीच गावाची सगळ्यात मोठी ताकद आहे आणि बहुतेक वेळा गावालाच ती माहिती नसते.

ज्यांना माहिती होती त्यांनी काय केलं ते बघा. न्यूझीलंडमध्ये मोकाई नावाचं ठिकाण आहे, जमीन माओरी लोकांच्या तुआरोपाकी ट्रस्टची. त्यांनी जमीन विकली नाही, भाड्यानेही नुसती दिली नाही, तर २००० च्या सुमारास पॉवर स्टेशन उभं राहिलं त्यात ७५ टक्के मालकी ट्रस्टची आणि २५ टक्के वीज कंपनीची. पुढं त्याच उष्णतेवर टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची काचघरं झाली, आणि २०११ मध्ये मिराका नावाची दूध पावडरची फॅक्टरी सुरू झाली, तिला लागणारी वाफ जमिनीतलीच. आपल्याकडं दूध पावडरच्या प्लांटला बॉयलरमध्ये कोळसा नाहीतर बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळावं लागतं. मला हे वाचल्यावर पहिला भूमचा खवा आठवला. भूम, वाशी, कळंब पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या किती आणि त्या भट्टीला लाकूड किती लागतं, धुरात बसून ढवळणाऱ्या बायांचे डोळे काय होतात, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

जपानची गोष्ट तर मला लईच आवडते. जपानमध्ये जमिनीतली उष्णता अमाप आहे, क्षमतेत जगात तिसरा नंबर सांगतात, पण वीज त्या मानाने किरकोळ काढतात, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर चालणारी लॉज-हॉटेलं. ते मालक म्हणतात तुम्ही खाली भोक पाडलं आणि आमचा झरा आटला तर? बरोबर आहे त्यांचं. पण फुकुशिमा भागात त्सुचियु नावाचं असंच एक झऱ्याचं गाव, २०११ च्या भूकंपानंतर गिऱ्हाईक तुटलं, काही लॉज बंदच पडले. मग गावातल्यांनीच कंपनी काढली, नवीन खोल बोअर न मारता जो गरम पाण्याचा स्रोत आधीपासून वापरात होता त्याच्यावर २०१५ मध्ये ४०० किलोवॉटचा प्लांट बसवला. वीज काढून झाल्यावर जे कोमट पाणी उरतं त्यात कोळंबी पाळली, पर्यटक ती गळ टाकून पकडतात आणि भाजून खातात. विजेच्या पैशातून गावातल्या शिकणाऱ्या पोरांच्या बसच्या पासचा खर्च निघतो. ४०० किलोवॉट म्हणजे आपल्या हिशेबात काहीच नाही, एखाद्या जिनिंगला जेवढं कनेक्शन असतं तेवढं. पण फायदा कुठं जातो ते गावाला दिसतंय. आपल्याकडं बसचा पास म्हटलं की एसटीच्या डेपोत रांग, तो भाग सोडा.

आता उलटी बाजू. केनियात ओल्कारिया, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा जिओथर्मल पट्टा, वर्ल्ड बँकेचा आणि युरोपियन बँकेचा पैसा. २०१४ मध्ये चौथ्या प्लांटसाठी मसाई लोकांची वस्ती उठवून दुसरीकडं घरं बांधून दिली. कागदावर सगळं उत्तम, पक्की घरं, शाळा, दवाखाना, जमीन. लोकांनी तक्रार केली की जमीन नाल्या-घळींची आहे, गुरांना नीट चराई नाही, जमिनीचे कागद नावावर झाले नाहीत, काही कुटुंबं यादीतून सुटली. वर्ल्ड बँकेच्या तपासणी मंडळानं बऱ्याच गोष्टी मान्य केल्या, त्यात एक अशी की लोकांशी बोलताना त्यांची 'मा' नावाची भाषा वापरायला पाहिजे होती ती नीट वापरली नाही. मग मध्यस्थी बसली, करार झाला, म्हणजे जे आधी करायचं ते मागून भांडून करावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्याच ओल्कारियाच्या शेजारी एक गुलाबाची मोठी कंपनी वीज कंपनीकडूनच विहीर भाड्याने घेऊन काचघरं गरम ठेवते, रोपांना कार्बन डायऑक्साइड पण त्याच वाफेतला. म्हणजे मोठ्या धंद्याला उष्णता कशी मागायची ते माहिती होतं. मसाई गुराख्याला कुणी विचारलंच नाही की बाबा तुला यातलं काय पाहिजे.

तुर्कस्तानात आयदिन नावाचा अंजिरांचा जिल्हा. प्लांट भराभर उभे राहिले, आणि आता अंजीरवाले शेतकरी म्हणायलेत की वाफेतल्या वासाच्या गॅसने आणि पाण्यातल्या बोरॉनने बागा खराब व्हायल्यात. जमिनीतलं पाणी नुसतं गरम नसतं, त्यात बोरॉन, आर्सेनिक, क्षार काय काय असतं, ते परत खोल जिरवायचं असतं दुसऱ्या विहिरीतून, पण जिरवायला पंपाला वीज लागते, खर्च येतो, म्हणून कुणी ओढ्यात सोडून देतं. पुग्यालाच २०२२ मध्ये खोदताना पाणी ओढ्यात गेलं म्हणून काम थांबवावं लागलं होतं. जिथं मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यावं लागलं त्या लातूरचा माणूस मी, २०१६ ची ती गाडी अजून डोळ्यापुढं आहे, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत कुणी "काळजी करू नका, सगळं परत जमिनीत जातं" म्हणालं की मी विचारतो, मीटर दाखवा. किती काढलं, किती जिरवलं, मीटर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, रोज आकडा लिहा.

आणि हो, भूकंप. हा प्रश्न आमच्याकडं कुणी विचारला नाही असं होणारच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे काय झालं ते किल्लारी पट्ट्यात अजून घराघरात आहे, मी पाचवीत होतो, त्यानंतर महिनाभर सगळं गाव अंगणात झोपायचं. तिथं जमीन खोदून बघितली तर बेसॉल्ट साडेतीनशे मीटरच्या आतच संपतो आणि खाली जुना दगड लागतो, अशी माहिती शास्त्रज्ञांनी त्यानंतरच काढली. तर कुणी म्हणेल की खोल भोकं पाडली की पुन्हा तसलं काही होईल. सरळ उत्तर असं की जिथं नैसर्गिक गरम पाणी आहे आणि ते काढून परत सोडायचं असतं तिथं बहुतेक वेळा हादरे इतके बारीक असतात की यंत्रालाच कळतात. पण जिथं पाणी नाही, कोरडा गरम दगड आहे, आणि दाबाने पाणी मारून तो फोडायचा असतो, तिथं धोका खरा आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात २००६ मध्ये असंच करताना धक्के बसले आणि प्रकल्प पुढं गुंडाळला. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ चा भूकंप झाला, आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने सांगितलं की जिओथर्मलच्या विहिरीत पाणी मारल्यानेच तो झाला. म्हणून मराठवाड्यात कुणी दगड फोडण्याचं तंत्र घेऊन आलं तर माझं मत सरळ 'नको' असं आहे, मग ते कितीही ग्रीन असो. लोकांची भीती अडाणीपणा नाहीये, ती दहा हजाराच्या आसपास माणसं गेल्याची आठवण आहे. जो इंजिनिअर किल्लारीचं नाव न काढता प्रेझेंटेशन करेल त्याला परत पाठवा.

किल्लारीवरूनच अजून एक. पुनर्वसनाच्या वेळी ५२ गावं दुसरीकडं हलवली, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी रुंद रस्ते आणि ओळीत घरं अशी कॉलनी झाली, गोठा कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, भावकी कुठं, गल्ली कुठं, याचा मेळ नाही. आणि ज्या शेकडो गावांत सरकारने पैसे आणि माहिती देऊन लोकांना आपलीच घरं दुरुस्त, मजबूत करायला लावली तिथं लोक अजून त्या घरांना आपलं म्हणतात. म्हणजे लोकांना सहभागी करून घ्या हे आम्हाला केनियातून शिकायची गरजच नाही, आमच्या जिल्ह्यातच दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे आहेत.

बरं, आता धंद्याचं बोलू, कारण ग्रुपवर निम्म्या लोकांचा प्रश्न तोच होता, की आपल्याला काम मिळेल का. खरं सांगतो. कायमच्या नोकऱ्या लई नसतात. ५० मेगावॉटचा प्लांट एकदा चालू झाला की काही डझन माणसांवर चालतो, त्यातले निम्मे बाहेरचे इंजिनिअर. हजारो नोकऱ्या वगैरे फॉरवर्डवाल्यांच्या गप्पा. बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत काम भरपूर असतं, मुरूम, जेसीबी, टँकर, डिझेल, मेस, राहायच्या खोल्या, फॅब्रिकेशन, पाइप. तापमान मोजायला सुरुवातीला जी शे-तीनशे मीटरची बारकी बोअर मारतात ती आपली बोअरची गाडी आरामात मारू शकते, फक्त खडकाचा चुरा नीट फुटाफुटाने पिशवीत भरून ठेवायची शिस्त लागेल. मोठी रिग मात्र बाहेरूनच येणार, त्याचं दुःख करू नका.

पण मिळणारं काम पण कसं मिळतं? मी एका पवनचक्कीच्या साइटला पाइप आणि फिटिंगचं काम केलंय. मोठं टेंडर एका बाहेरच्या कंपनीला, तिच्याकडून दुसऱ्याला, त्याच्याकडून पेटी कॉन्ट्रॅक्टरला, आणि त्याच्याकडून मला. वरचा पैसा वेळेवर आलेला, मधल्याने गाडी घेतली, माझं बिल कुठंतरी मधेच अडकून बसलं आणि शेवटी जे मिळालं त्यात माझ्या पोरांचा पगार निघाला एवढंच. कायद्याने नोंदणीकृत छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण तिसऱ्या पायरीवरच्या माणसाकडं साधी पर्चेस ऑर्डर नसते, तो कुठला कायदा दाखवणार. म्हणून स्थानिक धंद्याला सहभागी करायचंय म्हणणाऱ्या कंपनीला मी तीनच गोष्टी विचारीन. कामाचे तुकडे एवढे लहान करणार का की तालुक्यातला माणूस स्वतःच्या नावाने भरू शकेल, का पाच कोटी टर्नओव्हरची अट घालून आधीच बाहेर काढणार? पर्चेस ऑर्डर डायरेक्ट देणार का? आणि दोन वर्षं आधी सांगणार का की काय काय लागणार आहे, म्हणजे किनवटच्या आयटीआयमध्ये पोरं त्या वेल्डिंगला, त्या प्रेशर पाइपला तयार होतील? साइट चालू झाल्यावर "लोकल स्किल मिळत नाही" म्हणणं लई सोपं असतं.

आणि नोकरीपेक्षा मला वाटतं उष्णता मागावी. हे मी आधीपण मित्रांना बोललोय, ते हसले. वीज काढून झाल्यावर जे पाणी परत जमिनीत सोडायचं असतं ते ७०-८० अंशाचं असतं, आणि ७०-८० अंशावर हळद वाळते, सोयाबीन वाळतं, मिरची वाळते. नांदेड-हिंगोली म्हणजे हळदीचा मुलूख, वसमतच्या हळदीला तर आता जीआय पण आहे. हळद काढली की कुकरमध्ये शिजवायची, मग पंधरा-पंधरा दिवस उन्हात पसरायची, मधेच फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी आला की सगळं काळं पडतं, मग भाव पडतो, पॉलिश करून पण रंग येत नाही. गरम हवेचा ड्रायर शेतकऱ्यांच्या कंपनीला त्या पाण्याच्या पाइपवर बसवून मिळाला, आणि करारात लिहिलं की इतके वर्षं इतकी उष्णता या दराने, तर त्या गावाला दहा वॉचमनच्या नोकऱ्यांपेक्षा ते परवडेल. आइसलंडचं ब्लू लगून जे जगभरातून लोक बघायला येतात ते मुळात प्लांटचं सोडून दिलेलं पाणी, लोक त्यात डुंबायला लागले आणि मग धंदा झाला. आपल्याकडं उनकेश्वरला लोक आजच अंघोळीला येतात, तिथं बायकांना कपडे बदलायला धड खोल्या, नीट पाणी, जेवणाची सोय एवढं केलं तरी गावातल्या बचत गटाचं वर्षभराचं काम आहे, त्याला मेगावॉट पण लागत नाही.

पैशाच्या हिश्श्याची पण सोय बाहेर लोकांनी कायद्यात करून ठेवलीय. इंडोनेशियात कंपनीने वाफ विकली तर एकूण विक्रीच्या १ टक्का, वीज विकली तर अर्धा टक्का त्या जिल्ह्याला द्यायचा. नफ्यावर नाही, विक्रीवर, हे लक्षात घ्या, कारण नफा हिशेबात कसाही दाखवता येतो. फिलिपिन्समध्ये युनिटमागं एक सेंटाव्हो, म्हणजे त्यांच्या पेसोचा शंभरावा भाग, जिथं प्लांट आहे तिथल्या लोकांसाठी. आमच्याकडं सीएसआरच्या नावाखाली शाळेला दोन बाकं आणि एक आरओ मशीन देतात आणि फोटोत बारा माणसं उभी राहतात.

किनवटच्या बाबतीत लोकांच्या हातात एक गोष्ट आधीच आहे. तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, गोंड, कोलाम, आंध समाजाची वस्ती, तिथं आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि २०१४ मध्ये राज्याचे नियमही झालेत. म्हणजे जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेला विचारावं लागतं. आता विचारणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय, सरपंचाच्या घरी रजिस्टर, त्यावर सह्या, कोरम पूर्ण. किंवा सकाळी अकराची सभा ऐन सोयाबीनच्या सुगीत. खरी ग्रामसभा घ्यायची तर कागद एक महिना आधी मराठीत पाहिजे, गोंडी-कोलामीत समजावून सांगणारा माणूस पाहिजे, बायकांची वेगळी सभा पाहिजे कारण पाणी त्या आणतात, आणि कंपनीचा जो माणूस येईल त्याला सही करायचा अधिकार पाहिजे, नाहीतर "वर विचारून सांगतो" यातच तीन सभा जातात. आणि ठराव पहिल्या बोअरच्या आधी. एकदा त्या विहिरीत कोट्यवधी रुपये गाडले की कंपनी माघार घेऊ शकत नाही, आणि मग गावाचा प्रत्येक प्रश्न तिला अडथळा वाटायला लागतो, तिच्या पण जागी बसून बघितलं तर ते कळतं.

एक काम मात्र कंपनीची, सरकारची, कुणाचीच वाट न बघता आजपासून होऊ शकतं, आणि हे मी बोअरवाला म्हणून सांगतो. शेजाऱ्याने बोअर मारलं आणि माझं आटलं अशी भांडणं मी लई बघितलीत, आणि जवळजवळ सगळीकडं अडचण एकच, आधी किती पाणी होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. न्यूझीलंडमध्ये वैराकेईला १९५८ मध्ये प्लांट चालू झाल्यावर जवळच्या खोऱ्यातले उसळणारे झरे थंडावले, ते सिद्ध करता आलं कारण आधीच्या नोंदी होत्या. उनकेश्वरच्या कुंडाचं तापमान, पाणी किती भरतं त्याचा वेग, आणि आजूबाजूच्या विहिरी-बोअरची पातळी, दर महिन्याच्या अमावस्येला म्हणा, लिहून ठेवायची. एक थर्मामीटर, एक बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच, एक दोनशे पानी वही. झेडपीच्या शाळेतली आठवीची पोरं सहज करतील, गुरुजींची सही आणि तारीख पाहिजे फक्त, आणि दर सहा महिन्यांनी त्या पानांची झेरॉक्स तहसीलला देऊन पोच घ्यायची. दोन वर्षांची अशी वही गावाकडं असेल तर उद्या कुठलीही कंपनी आली तरी बोलणी वेगळ्याच पातळीवर होतील.

थर्मामीटर आणि पातळी मोजायची टेप माझ्या दुकानातून मी देतो, पैसे नकोत. किनवट, माहूर, इस्लापूर भागातलं कुणी वाचत असेल, विशेषतः शिक्षक कुणी असतील, तर खाली कमेंट करा, पुढच्या महिन्यात पंप डिलिव्हरीला तिकडं यायचंच आहे, येताना घेऊन येतो.